जुन्या चित्रांवरून वनस्पतीचे शास्त्रीय नाव निश्चित करताना या चुका टाळा

कास पठारावर किंवा ठोसेघरच्या परिसरात गोळा केलेला नमुना एखाद्या जुन्या ग्रंथातील चित्राशी जुळला, की नाव पक्के झाले, असे साताऱ्यातील वनस्पतिशास्त्राचे बरेच विद्यार्थी धरून चालतात. वस्तुतः नाव बांधलेले असते ते प्ररूपाशी, म्हणजे त्या नावाचा वापर ज्यावरून ठरतो त्या एका नमुन्याशी. जुन्या नावांच्या बाबतीत चित्रही प्ररूप ठरू शकते; मात्र मूळ लेखकाने नाव प्रसिद्ध करण्यापूर्वी ते चित्र त्या वनस्पतीशी जोडले होते, हे दाखवता आले पाहिजे. वनस्पतींना द्विनामी नावे देणाऱ्या लिनियसच्या १७५३ सालच्या नावासाठी रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३८ ते १८५३ या काळात छापलेले चित्र, ते कितीही सुबक असले तरी, लेक्टोटाइप (मूळ लेखकाच्या साहित्यातून नंतर निवडलेले प्ररूप) म्हणून निवडता येत नाही. व्हॅन रीडच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथातील (१६७८–१६९३) चित्र मात्र लिनियसने त्या नावाखाली उद्धृत केले असल्यास निवडता येते.

त्या नावासाठी लेक्टोटाइपची वैध निवड आधी कोणी केली आहे का, हे न पाहणे ही दुसरी चूक होय. मोजके अपवाद वगळता पहिली निवडच पाळावी लागते, त्यामुळे येथे आळस केल्यास पुढचे सारे श्रम वाया जातात.

खरी कसोटी चित्र वाचताना लागते. छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर मूळ चित्र जसेच्या तसे कोरले, तर कागदावर ते उलटे उमटते. म्हणून कारंद्यासारख्या वेलींमध्ये, जिथे वेल आधाराला कोणत्या बाजूने वेढे घालते हे ओळखीचे महत्त्वाचे लक्षण आहे, तिथे छापील चित्रातील दिशेवर भिस्त ठेवू नये आणि ती ग्रंथातील वर्णनाशी ताडून पाहावी. कधीकधी फूल एका झाडाचे आणि फळ दुसऱ्याचे, अशी जुळणीही एकाच चित्रात आढळते. हाताने रंगवलेल्या चित्रांत प्रतीगणिक छटा बदलते, तेव्हा पाकळीच्या रंगावरून जाती वेगळ्या करणे धोक्याचे आहे. रीडच्या चित्रांवर देवनागरीत कोकणी नावेही आहेत. ती आपल्याला सहज वाचता येतात, आणि नेमकी म्हणूनच फसवतात, कारण तेच नाव आपल्याकडे भलत्याच झाडाला असू शकते.

लेक्टोटाइप चित्रावरून जात निःसंदिग्धपणे ओळखता येत नसेल, तरच एपिटाइपचा, म्हणजे अपुऱ्या प्ररूपाचा अर्थ स्पष्ट करण्यासाठी निवडलेल्या पूरक नमुन्याचा मार्ग घ्यावा, आणि तो नमुना कोणत्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) आहे व कोणत्या चित्राला आधार देतो, हे स्पष्ट लिहावे. मलबारातील झाडाच्या चित्रासाठी तिकडचाच नमुना शोधणे इष्ट. कासचा नमुना फुलाफळांसह हाताशी असला, तरी केवळ सोयीपोटी तो पुढे करू नये.