रिमोटने बंद, मीटरवर चालू: टीव्हीमागची वीज मोजायची कशी

बिल वाढलं की घरातल्या सगळ्यांचं बोट टीव्हीखालच्या बारीक लाल ठिपक्याकडे जातं. तो बिचारा निर्दोष असतो. गेल्या काही वर्षांतला साधा एलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर अर्धा ते एक वॅट घेतो. खरा खादाड त्याच्या शेजारी बसलेला असतो, तो म्हणजे छत्रीचा किंवा केबलचा सेट टॉप बॉक्स. रिमोटने बंद केला की त्याचा दिवा हिरव्याचा लाल होतो, पण बऱ्याच बॉक्समध्ये आतलं सगळं काम चालूच राहतं, आणि छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या डबीला, केबलमधून वीजही जात राहते. चालू असताना १४ वॅट घेणारा बॉक्स ‘बंद’ असताना १३ घेतो, असं सर्रास आढळतं. खात्री करायची तर सकाळी उठल्याउठल्या दोन्हींवर हात ठेवा. टीव्ही गार लागेल, बॉक्स कोमट. पावसाळ्यात मुंग्या आणि पाली नेमक्या त्याच्याच जाळीत का शिरतात, तेही मग कळेल.

हिशोबाला एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरतो. एक वॅट चोवीस तास, वर्षभर चालला की ८.७६ युनिट होतात, महिन्याला साधारण पाऊण युनिट. म्हणजे १० वॅटची वस्तू वर्षाला ८७ ते ८८ युनिट खाते. आता आपल्या घरात असे किती वॅट आहेत, एवढंच शोधायचं.

त्यासाठी काही विकत आणू नका. पडवीतला मीटर पुरेसा आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर मिचमिचणारा एक बारीक दिवा असतो आणि पाटीवर ३२००, १६०० किंवा असाच एखादा आकडा, पुढे इंग्रजीत ‘इम्प’ आणि युनिटचं चिन्ह. ३२०० लिहिलं असेल तर दिवा ३२०० वेळा मिचकावला की एक युनिट पडतं. दोन मिचकावण्यांमधले सेकंद मोजले की त्या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत ते निघतं. ३२०० च्या मीटरला ११२५ भागिले सेकंद, १६०० च्या मीटरला २२५० भागिले सेकंद. तुमचा आकडा वेगळा असेल तर ३६,००,००० ला आधी त्या आकड्याने भागा आणि मग सेकंदांनी.

मोजणीआधी घर खरोखर शांत करा. फ्रिजचा प्लग काढा, पंखे, दिवे, मोबाईलचे चार्जर, वॉटर प्युरिफायर, विहिरीचा पंप, सगळं बंद. इथे हमखास राहून जातो तो इन्व्हर्टर. तो गप्प बसलेला दिसतो, पण लाईट नुकतीच जाऊन आली असेल तर बॅटरी भरताना काहीशे वॅट ओढत असतो आणि तुमची सगळी मोजणी पाण्यात जाते. त्याचा प्लग काढा. वायरिंग इन्व्हर्टरमधून पुढे गेलेलं असेल आणि प्लग काढल्यावर टीव्हीचा बोर्ड बॅटरीवर जात असेल, तर मोजणीपुरता टीव्हीचा प्लग साध्या पॉइंटला लावा. नाहीतर टीव्ही बॅटरीवर चालेल आणि मीटरचा दिवा ढिम्म हलणार नाही.

आता टीव्हीचा बोर्ड चालू ठेवा, त्यावरची प्रत्येक वस्तू रोजच्यासारखी रिमोटने बंद करा, पाचेक मिनिटं थांबा, आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरसमोर उभे राहा. एकाच मिचकावण्यावर विसंबू नका. तीन अंतरं मोजून तीनने भागा.

एक नमुना घेऊ. टीव्ही, बॉक्स, जुना होम थिएटरचा वूफर आणि स्टॅबिलायझर असलेल्या घरात ३२०० च्या मीटरवर ३८ सेकंदांनी दिवा मिचकावला, म्हणजे ३० वॅट. बॉक्सचा प्लग काढला, अंतर ६६ सेकंदांवर गेलं, म्हणजे १७ उरले; बॉक्सचे १३. वूफर काढला, १२५ सेकंद, म्हणजे ९ उरले; वूफरचे ८. राहिला टीव्ही आणि स्टॅबिलायझर. टीव्हीचा एक धरला तर रिकाम्या स्टॅबिलायझरचे ८. दोनतीन वॅटच्या खाली मीटर नीट मोजेलच असं नाही, त्यामुळे शेवटच्या एका वॅटसाठी रात्र घालवू नका.

सगळे प्लग काढले, सगळे स्विच बंद केले आणि तरी दिवा मिचकावतोय? मग प्रश्न टीव्हीचा नाही. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतून वायरिंग गळत असतं, ते जुन्या घरांत नवल नाही. मेन स्विच पाडा. मिचकावणं थांबलं तर दोष घरात आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मेन पाडूनही चालू राहिलं तर महावितरणकडे मीटरची तक्रार करा.

बॉक्सच्या अडॅप्टरवर ‘१२ व्होल्ट, २ अँपिअर’ वाचून २४ वॅट धरणारे पुष्कळ असतात. ती अडॅप्टरची कमाल ताकद असते, रोजचा खर्च नव्हे. वायरमनच्या क्लॅम्प मीटरचंही तसंच. तो अँपिअर दाखवतो, आपण २३० ने गुणतो आणि आकडा दुप्पटसुद्धा येतो, कारण या लहान वस्तूंचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा, खराब असतो. घरगुती बिल खऱ्या युनिटवर येतं, म्हणून मीटरचा दिवाच खरा.

आता पैसे. दिवसाला पाच तास टीव्ही बघणाऱ्या घरात उरलेले १९ तास हे ३० वॅट फुकट जातात, म्हणजे ५७० वॅट-तास, महिन्याला १७ युनिट, वर्षाला २०८. युनिटचा दर काढताना एकूण बिलाला एकूण युनिटने भागू नका, त्यात स्थिर आकार येतो आणि तो वीज वाचवून कमी होत नाही. बिलावर तुमचं शेवटचं युनिट कोणत्या टप्प्यात पडलंय ते बघा: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० की त्यापुढे. त्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची बेरीज करा, वर १६ टक्के वीज शुल्क चढवा. वाचणारं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातलं असतं. म्हणून महिन्याला ११० युनिट जाळणाऱ्या घराला या १७ युनिटांतली पहिली १० महाग दरातली सुटतात आणि पुढची ७ स्वस्त दरातली. सोपं जावं म्हणून १० रुपये दर धरला तर आपल्या नमुन्याचे महिन्याला १७० रुपये होतात. आभाळ कोसळत नाही, पण दोन रिचार्जमधला एक याच पैशात निघतो.

उपाय साधा आहे. टीव्हीमागचा सगळा पसारा एका स्विचवर आणा, आणि तो स्विच हाताला सहज येईल अशा जागी ठेवा. टीव्हीच्या पाठीमागे हात घालून काढायचा प्लग चार दिवस निघतो, पाचव्या दिवशी कोणी काढत नाही. पाच पॉइंटचा, तीन पिनचा, जाड वायरचा एक्स्टेंशन बोर्ड घ्या, भिंतीला वीतभर उंच ठोका, जमिनीवर लोळू देऊ नका. खाऱ्या हवेत स्विचचे आतले पत्रे काळे पडतात. दाबताना चरचर आवाज आला किंवा प्लग गरम लागला तर स्विच लगेच बदला. या बोर्डावर इस्त्री किंवा मिक्सर लावायचा नाही.

बंद करायचा क्रम मात्र पाळा. आधी रिमोटने टीव्ही बंद, पंधरावीस सेकंद जाऊ द्या, मग स्विच. स्मार्ट टीव्ही तेवढ्या वेळात आपलं काम आवरतो. ओएलईडी पडद्याचा टीव्ही असेल तर त्याला या स्विचवर घेऊच नका, बंद झाल्यावर तो पडद्याची दुरुस्ती स्वतः करतो आणि त्याला वीज लागते. प्रोजेक्टरचा पंखा थांबेपर्यंत स्विचला हात लावायचा नाही. बॉक्स सकाळी चालू व्हायला एकदोन मिनिटं घेईल, आणि रेकॉर्डिंग लावलं असेल तर होणार नाही. आजीच्या सकाळच्या अभंगांच्या कार्यक्रमाला उशीर होऊन घरात वाद होणार असेल, तर ते पाचदहा युनिट सोडून द्या.

स्मार्ट टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये पॉवरच्या पानावर ‘क्विक स्टार्ट’ किंवा ‘इन्स्टंट ऑन’ शोधा आणि बंद करा. ते चालू असेल तर अर्ध्या वॅटचा टीव्ही दहा-पंधरा वॅटवर जाऊन बसतो. गेम खेळायच्या कन्सोलच्या ‘रेस्ट मोड’चंही तेच. राउटर ५ ते १० वॅट घेतो, पण त्यावर सीसीटीव्ही किंवा फायबरवरचा लँडलाईन असेल तर तो वेगळ्या पॉइंटवर ठेवा आणि त्याचा खर्च निमूट सोसा.

स्टॅबिलायझरचं काय करायचं? टीव्हीच्या मागची पाटी वाचा. ‘१००-२४०’ व्होल्ट लिहिलं असेल तर कमी व्होल्टेजसाठी त्याला स्टॅबिलायझर लागत नाही. वाडीच्या टोकाला संध्याकाळी बल्ब पिवळे पडतात तेव्हाही असा टीव्ही चालतो. पण उलटी भीती खरी आहे: वाऱ्यात माडाची झावळी तारेवर पडून न्यूट्रल तुटला तर घरात तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात. त्यासाठी जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारं छोटं प्रोटेक्टर मीटरनंतर बसवून घ्या, सगळ्या घरालाच उपयोगी पडेल. स्पाईक गार्ड, म्हणजे व्होल्टेजची उसळी अर्थिंगमध्ये सोडणारा बोर्ड, लावणार असाल तर आधी अर्थिंग तपासा. जांभ्याच्या कातळावर बांधलेल्या घरांत अर्थिंग नावालाच असतं, आणि चैत्र-वैशाखात खड्डा कोरडा पडला की तेवढंही उरत नाही. उन्हाळ्यात त्यात कळशीभर पाणी ओतत जा.

वळवाच्या आणि हस्ताच्या पावसात गडगडायला लागलं की स्विचवर भागत नाही. साधा स्विच एकच तार तोडतो, दुसरी टीव्हीपर्यंत जोडलेलीच राहते. बोर्डाचा मुख्य प्लग भिंतीतून उपटा आणि बॉक्समागचा छत्रीच्या केबलचा स्क्रू सोडवा. आधी वीज बंद, मग स्क्रू. चालू बॉक्सवर सोडवताना केबलची मधली तार बाहेरच्या धातूला टेकली तर बॉक्सचा एलएनबी पुरवठा जाऊ शकतो. हे सगळं वीज डोक्यावर कडकडत असताना नव्हे, आभाळ भरून येतंय तेव्हाच करायचं. कनेक्टर गंजलेला असेल तर कापून नवा बसवा, चित्र फुटण्याचं अर्धं कारण तिथेच असतं.

सगळ्यात जास्त वीज फुकट जळते ती माणसं नसलेल्या घरात. गणपतीला आलेले चाकरमानी विसर्जनानंतर कुलूप लावून मुंबई गाठतात आणि शिमग्याला परततात. तोवर सहा महिने आपल्या नमुन्यातले ३० वॅट रात्रंदिवस चालू राहिले तर सुमारे १३० युनिट होतात, कोणीही टीव्ही न बघता. इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली असतानाही तो काही वॅट घेतोच, ते वेगळे.

म्हणून निघताना मेन पाडा. पण नुसता मेन पाडलात तर इन्व्हर्टरला वाटेल लाईट गेली, तो घर बॅटरीवर घेईल, राउटर आणि बॉक्स बॅटरी तळापर्यंत चाटून पुसून टाकतील, आणि शिमग्याला बॅटरी मेलेली मिळेल. आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरू द्या, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद करा, मेन पाडा आणि बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर पान्याने सोडवा. टर्मिनलला पेट्रोलियम जेली फासा. तरीही बॅटरी हळूहळू उतरतेच, तेव्हा दोनतीन महिन्यांनी शेजारच्या कोणाला तरी दिवसभर चार्जिंगला लावायला सांगून ठेवा. त्याच दिवशी तासभर टीव्हीही चालू करायला सांगा, दमट हवेत आतल्या पट्टीवर बसलेली ओल तेवढ्याने सुकते. टीव्हीवर प्लास्टिक गुंडाळून ठेवू नका, आत पाणी धरतं. जुनं सुती लुगडं बरं.

परत आल्यावर मेन चढवण्याआधी टीव्हीच्या बोर्डाचे सगळे प्लग काढलेलेच असू द्या. पिनांवरचा हिरवा गंज कोरड्या फडक्याने पुसा, आधी दिवे-पंखे लावून व्होल्टेज ठीक आहे का बघा, मग बोर्ड. बॉक्स महिनोन्‌महिने बंद राहिल्यामुळे रिचार्ज असूनही वाहिन्या दिसणार नाहीत, तेव्हा मेकॅनिकला बोलावू नका. कंपनीकडून रिफ्रेश पाठवायला सांगा, बॉक्स एखाद्या वाहिनीवर अर्धा तास तसाच चालू ठेवा, वाहिन्या आपोआप उघडतील.