मातीची पिशवी ते खताचं पोतं: सीमाभागातल्या रानासाठी माती परीक्षण

एका एकरातला वरचा सहा इंचांचा थर तोलला तर साधारण नऊ लाख किलो माती भरेल. त्यातली अर्धा किलो आपण प्रयोगशाळेत देतो आणि तिथे एकेका चाचणीला काही ग्रॅमच वापरली जाते. म्हणून माती तपासणीच्या कार्डावरचे आकडे रानाशी जुळत नाहीत तेव्हा दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, नमुन्याचा असतो. घरी जाता जाता बांधालगतची खोरंभर माती पिशवीत भरून दिली, तर अहवाल त्या खोरंभर मातीचाच येणार.

आधी रान वाटून घ्या

आपल्याकडे, बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागात, जमीन फार लवकर बदलते. जांबोटी-कणकुंबीकडची तांबडी माती पावसाने धुऊन आम्ल झालेली, निपाणी-चिकोडीकडे मध्यम काळी, आणि रायबाग-अथणीत कृष्णाकाठी भारी काळी, त्यात कुठे कुठे क्षार फुटलेला. एका घराच्या चार एकरांतही वर माळ आणि खाली मळी असते. या दोन्हींची माती एकाच पिशवीत घातली की येणारी सरासरी कुठल्याच तुकड्याला लागू पडत नाही.

रंग, उतार, खोली, पाण्याचा निचरा आणि गेल्या दोन वर्षांतलं पीक-खत, यांपैकी एकही गोष्ट वेगळी असेल तर नमुना वेगळा घ्या. शेजारी शेजारी असले तरी उसाचा खोडवा आणि सोयाबीनचं रान वेगळं धरा. सगळं सारखं असलं तरी दोन-अडीच एकरांपेक्षा मोठ्या तुकड्याला एकच नमुना नको.

सरकारी कार्डाबद्दल एक गोष्ट माहीत असावी. 2015 साली मृदा आरोग्य कार्ड योजना सुरू झाली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरांच्या आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांच्या चौकोनामागे एक नमुना असं गणित होतं. म्हणजे तुमच्या नावाचं कार्ड हातात असलं तरी त्यातली माती शेजाऱ्याच्या रानातली असू शकते. असं कार्ड भागाचा अंदाज यायला चांगलं, पण पोती मोजायला स्वतःच्या रानाचा नमुना द्यावा.

नमुना कधी घ्यायचा

रब्बी निघाल्यावर आणि शेणखत ओढायच्या आधी, म्हणजे मार्च-एप्रिल, ही खरी वेळ. मेअखेर सगळ्यांच्या पिशव्या एकदम येतात, मग पेरणी आटोपते तरी अहवाल हातात नसतो. उसासाठी तोडणी झाल्यावर, लागणीच्या आधी घ्या. खत टाकून तीन महिने झाले नसतील तर थांबा. पाचट जाळलं असेल तर राखेच्या जागा टाळा, कारण राखेने पालाश (पोटॅश) आणि सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल ते) दोन्ही फुगतात.

दर दोन-तीन वर्षांनी तपासणी पुरे. मात्र दर वेळी त्याच हंगामात नमुना घ्या, नाहीतर जुन्या कार्डाशी तुलनाच करता येणार नाही.

खड्डा, थर आणि खोली

लागणारं सामान घरातलंच: कुदळ, खुरपं, प्लॅस्टिकची बादली किंवा घमेलं, गोणपाट नव्हे तर स्वच्छ कापड, कापडी पिशवी आणि पेन्सिल. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली वापरू नका, तिने जस्ताचा आकडा वाढतो. खताचं रिकामं पोतं तर अजिबात नको. 10:26:26 (10 टक्के नत्र म्हणजे नायट्रोजन, 26 स्फुरद म्हणजे फॉस्फरस, 26 पालाश) खताचे चार दाणे मिसळले तरी स्फुरद-पालाश "जास्त" दाखवायला तेवढे पुरतात.

रानात नागमोडी चालत एकरी पंधरा-वीस जागा धरा. बांध, झाडाखालची सावली, विहीर-बोअरची कड, उकिरडा, जनावरं बांधायची जागा, पाणी साचणारा खड्डा आणि पाट सोडा. उभ्या पिकात घ्यायचंच झालं तर दोन ओळींच्या मधून घ्या. ठिबक असेल तर तोटीच्या अगदी खालून नको आणि कोरड्या पट्ट्यातूनही नको, ओलाव्याच्या मधल्या भागातून घ्या.

प्रत्येक जागी वरचा पालापाचोळा हाताने बाजूला करा, पण माती खरवडू नका. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा काढा. भात, सोयाबीन, ज्वारी, भाजीपाला, रताळी यांना 20 ते 22 सेंटिमीटर खोली, ऊस आणि कापसाला 30 सेंटिमीटर. खड्ड्यातली सुटी माती बाहेर टाका आणि एका बाजूच्या भिंतीवरून, वरपासून तळापर्यंत, बोटभर जाडीचा सारखा काप खुरप्याने उतरवून बादलीत घ्या. इथेच सगळ्यांत जास्त चूक होते. वरून जाड आणि खाली निमुळता काप निघाला तर वरच्या थरातली माती जास्त येते. खताचा आणि कुजलेल्या काडीकचऱ्याचा अंश वरच जास्त असतो, म्हणून सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थातला कार्बन) आणि स्फुरद खोटे वाढतात.

द्राक्ष, आंबा अशा बागेसाठी 30, 60 आणि 90 सेंटिमीटरपर्यंतचे तीन थर तीन वेगळ्या पिशव्यांत द्या.

सगळी माती कापडावर ओता, ढेकळं फोडा, खडे आणि मुळ्या वेचून काढा, नीट कालवा. गोल पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाका, उरलेले पुन्हा कालवून पुन्हा चार भाग करा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. माती ओली असेल तर सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ नको. ओली माती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर आतले जिवाणू कामाला लागतात आणि नत्राचा आकडा बदलतो.

चिठ्ठ्या दोन करा, एक आत आणि एक बाहेर बांधायला. पेनची शाई ओलीने पसरते, म्हणून पेन्सिलने लिहा: नाव, गाव, तालुका, सर्व्हे नंबर हिश्श्यासकट, खोली, तारीख, आधीचं पीक, पुढचं पीक, बागायत की जिरायत. पुढचं पीक लिहिलं नाही तर शिफारस दुसऱ्याच पिकाची येते.

पिशवी होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात द्या. मत्तीकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ इथेही विचारता येतं. ऊसवाल्यांनी कारखान्याच्या ऊस विकास विभागात चौकशी करावी. देतानाच जस्त, लोह, बोरॉन आणि गंधक तपासणार का, ते विचारून घ्या.

कार्ड कसं वाचायचं

कार्ड बहुधा कन्नडमध्ये मिळतं. रससार म्हणजे सामू, लवणांश म्हणजे विद्राव्य क्षार, सावयव इंगाल म्हणजे सेंद्रिय कर्ब, सारजनक म्हणजे नत्र, रंजक म्हणजे स्फुरद, सतु म्हणजे जस्त, कब्बिण म्हणजे लोह. कडिमे कमी, हेच्चु जास्त. एवढं कळलं की कार्ड वाचता येतं.

आकड्यांच्या पायऱ्या अशा. सामू 6.5 ते 7.5 उत्तम. क्षार (ईसी) 1 डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असावेत. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली कमी, 0.75 च्या वर जास्त. उपलब्ध नत्र हेक्टरी 280 किलोच्या खाली कमी, 560 च्या वर जास्त. जस्त 0.6, बोरॉन 0.5, लोह 4.5 आणि गंधक 10 पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) खाली गेलं तर कमतरता धरतात.

स्फुरद-पालाश वाचताना सावध राहा. काही अहवाल शुद्ध मूलद्रव्यात देतात, काही ऑक्साइडच्या रूपात. शुद्ध स्फुरद 10 ते 25 किलो मध्यम धरतात, ऑक्साइडच्या रूपात तीच पातळी साधारण 23 ते 57 येते. 24 हा आकडा एका पद्धतीने मध्यमच्या वरच्या टोकाला आणि दुसरीने कमीच्या उंबरठ्यावर! स्फुरदाला 2.29 ने आणि पालाशाला 1.2 ने गुणलं की ऑक्साइडचा आकडा मिळतो. खताच्या पोत्यावरचे आकडे आणि शिफारशी ऑक्साइडमध्येच असतात.

आकड्यांवरून पोती

शिफारस कुठली धरायची, हाही सीमाभागातला खास घोळ. आपण मराठी शेतीपत्रं वाचतो, त्यात महाराष्ट्राची मात्रा, सोयाबीनला हेक्टरी 50:75:45 किलो (नत्र:स्फुरद:पालाश) असते. धारवाडची शिफारस 40:80:25 आहे. कार्ड कर्नाटकाच्या तक्त्याने बनलेलं असतं, तेव्हा मात्राही तिथलीच धरा; अर्धी इकडची, अर्धी तिकडची नको.

नियम सोपा आहे: मध्यम असेल तर शिफारस तशीच, कमी असेल तर पाव हिस्सा वाढवा, जास्त असेल तर पाव हिस्सा कमी करा.

समजा सोयाबीनच्या रानात नत्र मध्यम, स्फुरद आणि पालाश जास्त आले. 40:80:25 ला अडीचने भागलं की एकरी 16:32:10 किलो. स्फुरद 24 वर आणि पालाश साडेसातवर आणा. आता खत निवडा.

डीएपीने (18 टक्के नत्र, 46 टक्के स्फुरद) द्यायचं तर 24 भागिले 0.46, म्हणजे 52 किलो, एक पोतं आणि मूठभर. त्यातून नऊ किलोच्या वर नत्र येतंच, उरलेल्या साडेसहा किलोंना 14 किलो युरिया (46 टक्के नत्र). पालाशाला साडेबारा किलो म्युरेट ऑफ पोटॅश (60 टक्के पालाश), म्हणजे पोत्याचा चौथा हिस्सा.

सिंगल सुपर फॉस्फेटने (16 टक्के स्फुरद) द्यायचं तर 24 भागिले 0.16, म्हणजे दीडशे किलो, बरोब्बर तीन पोती. नत्रासाठी 35 किलो युरिया, पोटॅश तेवढंच. ओझं जास्त आहे, पण सोबत सोळा किलो गंधक मिळतं आणि तेलबियांना ते हवंच असतं. कार्डावर गंधक कमी असेल तर सुपर फॉस्फेटच घ्या, डीएपीत गंधक नाही.

याच रानात सवयीने 10:26:26 ची दोन पोती टाकली तर पालाश 26 किलो जातं, गरज साडेसातची. नत्र मात्र दहाच किलो मिळतं. पैसे नको तिथे जातात आणि हवं ते कमी पडतं, तपासणीचा फायदा आहे तो इथेच.

उसाची धारवाडची मात्रा हेक्टरी 250:75:190, म्हणजे एकरी 100:30:76. हिशेब तसाच करा, फक्त युरिया एकदम न टाकता मोठ्या बांधणीपर्यंत हप्त्यांनी द्या. निपाणीकडे तंबाखू असेल तर म्युरेट ऑफ पोटॅश वापरू नका. त्यातल्या क्लोराइडने पान नीट जळत नाही. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या.

जिथे खताआधी जमीन दुरुस्त करावी लागते

खानापूरकडे सामू 5.5 च्या खाली असेल तर टाकलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधलं जातं आणि पिकाला मिळत नाही. तिथे चुना लागतो. पण किती, हे सामूवरून ठरत नाही; भारी मातीला जास्त लागतो, हलकीला कमी. "चुन्याची गरज" ही चाचणी वेगळी मागून घ्या. पेरणीआधी दोन-तीन आठवडे चुना मातीत मिसळा. युरिया किंवा डीएपीसोबत कधीच टाकू नका, अमोनिया उडून जातो. भाताच्या खाचरात पाणी साठलं की आम्ल मातीचा सामू आपोआप वर सरकतो, म्हणून चुन्याचा खरा उपयोग भातानंतरच्या कडधान्याला आणि भाजीला.

कृष्णाकाठच्या पांढऱ्या पडलेल्या रानात नेहमीचा नमुना पुरत नाही. वरची पांढरी पापडी वेगळी, मग 0-15, 15-30, 30-60 आणि 60-90 सेंटिमीटरचे थर वेगळे घ्या, आणि विहीर-बोअरचं पाणीही द्या. क्षार जास्त आणि सामू 8.5 च्या आत असेल तर जमीन क्षारपड. तिथे नुसतं जिप्सम टाकून काही होत नाही, चर किंवा सच्छिद्र पाइप घालून पाणी बाहेर काढल्याशिवाय क्षार जात नाहीत. सामू 8.5 च्या वर, ओली झाली की चिकट आणि वाळली की दगड, अशी असेल तर चोपण. तिला जिप्सम लागतं, पण त्याचीही मात्रा विनिमयक्षम सोडियमच्या (मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमच्या) चाचणीवरून ठरते आणि निचरा तिथेही हवाच.

चुनखडीच्या काळ्या रानात ऊस किंवा सोयाबीनची कोवळी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात, ती लोहाची कमतरता. अशा मातीत नुसतं फेरस सल्फेट टाकलं की ते लगेच बांधलं जातं. शेणखतात मुरवून द्या किंवा अर्धा टक्का फवारा, म्हणजे दहा लिटर पाण्याला 50 ग्रॅम. जस्त कमी असेल तर एकरी दहा किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून टाका. डीएपीत कालवू नका, स्फुरद त्याला धरून ठेवतं. आणि एकदा दिलं की पुढची तपासणी होईपर्यंत दर हंगामाला पुन्हा नको.

पहिल्या वर्षी कार्डावर भरवसा बसत नसेल तर सगळं रान एकदम बदलू नका. मधोमध दोन गुंठे जुन्या सवयीच्या खतावर ठेवा, बाकीचं कार्डाप्रमाणे. दोन्हींकडे बियाणं, पेरणीची तारीख आणि पाणी सारखंच द्या. मळणीला त्या दोन गुंठ्यांचं आणि शेजारच्या तेवढ्याच जागेचं धान्य वेगवेगळं तोला, खताच्या पावत्यांशेजारी लिहून ठेवा, आणि तो कागद कार्डाला टाचून ठेवा.