वॉटरकूलिंग: पंपाची घरघर कशी थांबली

कॉम्प्युटरचं कॅबिनेट घरीच बनवलं. ॲल्युमिनियमच्या अँगलची चौकट, एका बाजूला ॲक्रिलिक, पुढे पाणी गार करणारा 360 मिमीचा रेडिएटर उभा. कापाकापी, ड्रिलिंग निवांत झालं; छळलं ते पाण्याने. लूप, म्हणजे पाणी फिरायची बंद वाट, भरून पंप सुरू केला तर घरघर थांबेना, आणि गेम लावला की सीपीयू थेट 90 अंशांवर.

पंपच बदलावा म्हणत होतो. सहज रेडिएटरला हात लावला, तर खालून गरम आणि वरची चार बोटं गार! जागेअभावी रेडिएटरची दोन्ही तोंडं खाली घेतली होती, त्यामुळे वर हवा कोंडली होती.

मग मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांच्या वायरी काढल्या. पॉवर सप्लायच्या 24 पिनी कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला क्लिपने जोडली, म्हणजे एकटा पंप चालतो. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर. रिझर्व्हॉयरचं, म्हणजे लूपमधल्या पाण्याच्या टाकीचं, झाकण घट्ट लावून कॅबिनेट हळूहळू आडवं केलं, रेडिएटरची तोंडं वर येईपर्यंत. पंप जरा चालू, जरा बंद. बुडबुड्यांची माळच्या माळ रिझर्व्हॉयरमध्ये आली, पातळी खाली गेली, डिस्टिल्ड वॉटर घालत राहिलो. पंप कोरडा मात्र चालू द्यायचा नाही, त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणजे तेच पाणी.

आता त्याच गेमला तापमान सत्तरीच्या आत राहतं. आणि हो, सीपीयूवर बसणारा, आतून पाणी जाणारा ब्लॉक तांब्याचा असेल तर स्वस्तात मिळतो म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर उचलू नका. एकाच पाण्यात दोन्ही आले की ॲल्युमिनियम गंजत जातं.