जिरायत शेतीत या चुका टाळा

गगनबावड्यात वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेकडे, हातकणंगले-शिरोळच्या भागात, तो जेमतेम 500 ते 600 मिलिमीटर असतो. तिकडच्या ज्या माळांवर नदीचे पाणी चढलेले नाही, तेथे सोयाबीन, भुईमूग आणि ज्वारी पावसावरच येतात, आणि तेथील बरेचसे नुकसान दोन पावसांमधल्या खंडात जमिनीत ओल न उरल्यामुळे होते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्याच सरींवर केलेली पेरणी. वरची दोन-तीन इंच माती भिजते, बी फुगते, खाली कोरडेच असते आणि चार दिवसांच्या उन्हात अंकुर मरतो. पश्चिमेकडे भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी, साधते, म्हणून सोयाबीनचीही साधेल असे मानू नये. भाताचे बी कोरड्या मातीत पावसाची वाट पाहत टिकते, पण पातळ टरफलाचे सोयाबीन एकदा ओलावून सुकले की वाया जाते. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वीतभर खोल खणून काढलेल्या मातीचा मुठीत गोळा होतो का हे पाहून, मगच कुरी (पेरणीचे अवजार) धरावी. त्याआधी घरचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहावेत. 70 पेक्षा कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे किंवा बियाणे बदलावे.

उगवण विरळ दिसली तर दुबार पेरणीची घाई करण्याआधी ओळ उकरून पाहावी. बी कुजले असेल तर ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पडले किंवा पाणी साचले असे समजावे. अंकुर वाकून मातीच्या पापुद्र्याखाली अडकला असेल तर पापुद्रा हलक्या हाताने फोडावा, पीक वाचते.

दुसरी चूक उताराच्या दिशेने पेरण्याची. एका एकरावर पडलेला 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी, आणि उताराच्या प्रत्येक ओळीतून ते सुपीक मातीसह ओढ्याला जाते. नांगरट, पेरणी आणि कोळपणी (पिकाच्या दोन ओळींमधली माती कोळप्याने वरवर हलवणे) उताराला आडवीच असावी, मग बैल किंवा ट्रॅक्टर वळवायला कितीही गैरसोय होवो. सोयाबीनच्या ठरावीक ओळींनंतर मोकळी सरी ठेवली की तीच कमी पावसात पाणी मुरवते आणि जास्त पावसात निचरा करते.

तणनाशक मारले म्हणून कोळपणी सोडणे हेही चुकीचेच. कोळप्याने वरच्या मातीच्या भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जाणे कमी होते, म्हणून खंड पडताच, तण नसले तरी, एक पाळी द्यावी. शेजारच्या उसाचे पाचट जाळले जाणार असेल तर ते मागून आणून दोन ओळींमध्ये पसरावे.

सबंध रानात एकच पीक घेऊ नये. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवल्या की सोयाबीन निघाल्यावरही खोल मुळांची तूर परतीच्या पावसावर उभी राहते. मुरमाड माळावर शेततळे काढायचे असेल तर अस्तराचा खर्च आधीच धरावा, कारण मुरमात पाणी साठून राहत नाही.