तूर कळीवर येण्याआधी ड्रोनचे फर्मवेअर बदलून घ्या

खंडेनवमीला ड्रोनला हळद-कुंकू वाहून झेंडूची माळ घातली जाते आणि त्यानंतर तो थेट तुरीच्या पहिल्या फवारणीलाच कोपऱ्यातून बाहेर निघतो, असे अनेक बचत गटांत आणि अवजारे बँकांत दिसते. मधल्या दिवसांत त्याला कोणी हात लावत नाही. मग ऐन फुलोऱ्यात आभाळ भरून येते, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणाऱ्या) सलग दोन-तीन दिवस शेंगा पोखरणाऱ्या अळीचे आठ-दहा पतंग सापडू लागतात, टाकीत औषध कालवून होते आणि नेमकी त्याच वेळी रिमोटच्या पडद्यावर फर्मवेअरची, म्हणजे ड्रोन चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरची, नवीन आवृत्ती टाकण्याची सूचना उमटते. काही ड्रोन ती टाकल्याशिवाय पंखेही फिरवत नाहीत. या एका दुर्लक्षापायी तूर पोखरली गेलेली आम्ही पाहिली आहे, म्हणून आग्रहाने सांगतो की हे काम रान मोकळे आहे तोवर, याच आठवड्यात उरकावे.

गेल्या हंगामात आमच्या शिवारातील एका गटाने फवारणीच्या सकाळी ड्रोन घरच्या संगणकाला जोडला. ड्रोनच्या नियंत्रक बोर्डावरचा दिवा लागला, पण संगणक ढिम्म. विक्रेत्याने फोनवरच निदान केले की बोर्ड जळाला आहे, नवीन घ्यावा लागेल. चार दिवस त्या बोर्डाच्या भावाची घासाघीस चालली. पाचव्या दिवशी कोणीतरी जुन्या फोनसोबत आलेली जाड केबल लावून पाहिली; संगणकाने टुंग असा आवाज केला आणि बोर्ड लगेच ओळखला गेला. आधीची केबल फक्त चार्जिंगची होती. तोवर शेंगेशेंगेला भोक पडले होते.

तेव्हा बोर्ड बदलण्याची भाषा कोणी केली, तर आधी केबल बदलावी. संगणकावर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ठेवावे आणि केबल खोचताना ‘पोर्ट्स’ या ओळीखाली नवीन कॉम पोर्ट उगवतो का, ते पाहावे. काहीच हलले नाही तर दोष बहुधा केबलचा असतो; पिवळा त्रिकोण दिसला तर ड्रायव्हर (बोर्ड ओळखण्यासाठी संगणकात लागणारे सॉफ्टवेअर) बसलेला नसतो आणि तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. पोर्ट दिसतो पण जोडणी नाकारली जाते, तेव्हा दुसरे एखादे सॉफ्टवेअर तोच पोर्ट धरून बसलेले असते, ते बंद करावे. मिशन प्लॅनर हे ड्रोनच्या मांडणीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी फर्मवेअर टाकण्यापूर्वी ‘कनेक्ट’चे बटण दाबू नये, ती जोडणी चालू असताना फर्मवेअर चढवता येत नाही. डेस्कटॉप असल्यास केबल मागच्या बाजूला लावावी, कारण पुढचे पोर्ट सैल झालेले असतात, असा आमचा तरी अनुभव आहे.

फर्मवेअर चढत असताना वीज गेली, तर काम अर्धवट राहून बोर्ड अडकतो. भारनियमनाची वेळ पाहूनच बसावे, आणि शक्यतो बॅटरी भरलेला लॅपटॉप वापरावा.

सुरुवात करण्यापूर्वी:

– पंखे काढून ठेवणे
– रिमोट पूर्ण चार्ज करणे
– मुख्य बॅटरी जोडायची की नाही, हे पुस्तिकेत पाहणे
– जुनी आवृत्ती वहीत लिहिणे
– सर्व पॅरामीटर (ड्रोनच्या मांडणीचे आकडे) फाईलमध्ये जतन करणे

यातील शेवटचे काम हमखास राहून जाते. फर्मवेअर बदलताना काही वेळा आधीची मांडणी पुसली जाते आणि मूळ आकडे परत येतात. ड्रोन उडतो, फवारतो, वरवर सगळे ठीक दिसते, पण पंपाचा प्रवाह बदललेला असतो. ताशी नव्हे, सेकंदाला ४ मीटर वेग आणि ४ मीटर पट्टा धरला, तर एक एकर व्हायला प्रत्यक्ष फवारणीची सुमारे सव्वाचार मिनिटे लागतात. एकरी १० लिटर पडायचे तर पंपाने मिनिटाला साधारण २.४ लिटर दिले पाहिजे. तोच पंप १.९ लिटर देऊ लागला, तर एकरी आठच लिटर पडते आणि औषधाचा पाचवा हिस्सा टाकीतच राहतो. अळी मरत नाही, आणि मग विक्रेता सोबत महागडे टॉनिक नाहीतर ‘चिकटणारे’ औषध गळ्यात मारतो. आधी बादली घ्यावी, टाकीत साधे पाणी भरावे, सर्व नोझलखाली एक मिनिट धरून एकूण पाणी मोजावे.

नंतरची कामे:

– रिमोट आणि बोर्ड यांच्या आवृत्त्या जुळतात का, पाहणे
– ॲक्सेलरोमीटर, रेडिओ आणि कंपास यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप जुळवणे (कंपासचे काम पत्र्याच्या शेडपासून लांब)
– घरी परतण्याची उंची आणि फेलसेफ (संपर्क तुटला वा बॅटरी उतरली तर ड्रोनने काय करायचे ती मांडणी) तपासणे
– साध्या पाण्याने अर्धा एकर उडवून पाहणे

कोणी ओळखीचा तरुण ‘याहून भारी’ फर्मवेअर टाकून देतो म्हणाला, तरी ते टाकू देऊ नये. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे प्रकार प्रमाणपत्र त्या मॉडेलला मिळालेले असते. म्हणून उत्पादकाने दिलेली आवृत्तीच चालवावी.

शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी (पाण्यात विरघळणारे दाणे) याची मात्रा हेक्टरी २२० ग्रॅम, म्हणजे एकरी ८८ ग्रॅम आहे. ड्रोनमध्ये पाणी कमी झाले तरी एकरी औषध तेवढेच राहते. १० लिटरच्या टाकीत पाठपंपाच्या हिशेबाने (हेक्टरी ५०० लिटर पाण्यात २२० ग्रॅम, म्हणजे १० लिटरला) ४.४ ग्रॅम टाकणे ही चूक आहे. फवारणी वारा पडल्यावर, सायंकाळी मधमाश्या परतल्यावर करावी. सापळे मोजावेतच, पण आमचा एक शेतातला अंदाजही सांगतो: कोतवाल पक्षी सकाळी तुरीवर येऊन बसू लागले की शेंडे वाकवून पाहावेत, अळी सापडतेच.

आणि पतंगांचा आकडा वर गेला असताना ड्रोन अजून संगणकालाच जोडलेला असेल, तर त्याची वाट पाहू नये. पाठीवरचा पंप काढावा, हेक्टरी ५०० लिटर पाणी धरावे, १० लिटरला ४.४ ग्रॅम घ्यावे आणि त्याच सायंकाळी फवारणी सुरू करावी.