उभ्या राहिलेल्या मोटारसायकलच्या टाकीतलं जुनं पेट्रोल कसं काढावं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरत-पुण्याहून माणसं गावी येतात आणि दिवाळीपासून ओसरीत उभी असलेली मोटारसायकल बाहेर निघते. किक मारून पाय भरून येतात, पण गाडी काही चालू होत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "वरून थोडं नवं पेट्रोल टाक." तसं करू नका. नवं पेट्रोल वाया जातं आणि तळाचा गाळ कार्बोरेटरमध्ये (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) उतरतो तो वेगळाच.

पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो. मागे चिकटा उरतो आणि तो कार्बोरेटरमधल्या जेटची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोट्यांची, बारीक भोकं बुजवतो. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. टाकीचा कॉक, म्हणजे पेट्रोल सोडायची-बंद करायची तोटी, तीही तळाशीच असते, म्हणजे इंजिनात पहिल्यांदा जातं ते हेच.

काम पहाटे किंवा सकाळी लवकर करा. जळगाव-भुसावळकडे या दिवसांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्या उन्हात टाकी उघडणं धोक्याचं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या चुलीपर्यंतही पोचू शकते. म्हणून गाडी मोकळ्या अंगणात घ्या, इंजिन थंड असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पोरांना लांब पाठवा, बिडी-मोबाईल बाजूला ठेवा. जवळ कोरड्या वाळूची बादली हवी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारलं तर ते पाण्यावर तरंगत आग पसरवतं.

नळी तोंडाने ओढायची नाही, कितीही जण तसं करताना दिसले तरी. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तरी जिवावर बेततं. कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या. कार्बोरेटरच्या गाडीला ओढायची गरजच नसते, कारण टाकी वर आणि कॉक खाली असतो.

कॉक बंद करा. कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीची क्लिप पकडीने दाबून नळी सोडवा आणि तिचं टोक पत्र्याच्या डब्यात तळापर्यंत सोडा. प्लास्टिकची बाटली किंवा बादली नको, तिच्यात स्थिर वीज साठून ठिणगी पडू शकते. आता कॉक रिझर्व्हवर करा. नुसत्या 'ऑन'वर तळाचं पेट्रोल आतच राहतं, आणि खरी घाण तिथेच असते. धार थांबली की सीट काढा, टाकीचा मागचा बोल्ट सोडा, टाकी उचलून तोंडाकडून उरलेलं ओता. शेवटचं थोडं काचेच्या बरणीत घेऊन स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला किंवा तांबूस कण बसले, तर पाणी किंवा गंज आहे असं समजा.

मग अर्धा लिटर ताजं पेट्रोल टाकीत घालून हलवा आणि स्वच्छ फडक्यातून गाळून काढा. गाळ येत राहिला तर पुन्हा करा. पाण्याने टाकी धुऊ नका. रिकामी टाकी वाफेने भरलेली असते, म्हणून ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक. गळती असेल तर तशीच वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका, आधी ती वाफमुक्त करावी लागते आणि ते जाणकाराचं काम.

कार्बोरेटरच्या कटोरीखालचा (पेट्रोल साठणाऱ्या छोट्या भांड्याखालचा) ड्रेन स्क्रू सैल करून तिथलं पेट्रोलही सोडा. फिल्टर आणि कडक झालेली नळी बदला, त्यात कंजुषी नको. टाकी बसवून लिटर-दोन लिटर ताजं पेट्रोल घाला, कॉक उघडा, पाच मिनिटं थेंब गळतोय का ते बघा. मगच चोक ओढून किक मारा. तरीही चालू झाली नाही, तर प्लग आणि जेट साफ करून घ्यावे लागतील.

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नसतो, पंप टाकीच्या आतच असतो. तिथे ही रीत चालत नाही. गाडी ढकलत गॅरेजला न्या.

काढलेलं पेट्रोल गटारात, नाल्यात, उकिरड्यावर ओतू नका. यावल-रावेरच्या केळीला पाणी जमिनीतूनच येतं, प्यायलाही तेच. चुलीत किंवा कचऱ्यावर टाकून पेटवणं तर अजिबात नको. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारा, सुटे भाग धुवायला तो बहुधा घेईल.

पुन्हा बाहेरगावी जाताना कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कटोरी रिकामी होते. आणि किल्ली भावकीत कुणाकडे तरी द्या, पंधरा दिवसांतून एकदा बाजारापर्यंत फिरवून आणायला सांगा.