फिजिक्सचं पुस्तक: जुनी एडिशन घ्यायची का नवीन?

जुलै आला की पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि माझ्या मावसभावाचा तिथूनच फोन येतो, दादा, ग्रिफिथ्सचं क्वांटम मेकॅनिक्सचं पुस्तक मिळतंय निम्म्या किमतीत, पण दुसरी एडिशन आहे, घेऊ का? दरवर्षी कुणी ना कुणी हेच विचारतं म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

बोर्डाचं पुस्तक असेल तर डोकं लावूच नका, चालू वर्षाचं घ्या. बालभारतीची अकरावीची पुस्तकं २०१९ ला बदलली, बारावीची २०२० ला, आणि सीईटीचे फिजिक्सचे ५० प्रश्न बोर्डाच्याच सिलॅबसवर येतात, त्यामुळे ताईचं पुस्तक माळ्यावर आहे म्हणून तेच काढायचं हा हिशोब इथे चालत नाही. एनसीईआरटीचं तर अजून गंमतशीर आहे, त्यांनी मध्यंतरी चॅप्टरच कमी केले, बारावीचा शेवटचा कम्युनिकेशन सिस्टिम्स गेला आणि अकरावीचा पहिलाच गेला, म्हणून अकरावीच्या पुढच्या सगळ्या चॅप्टरचे नंबर एकेकाने कमी झाले. क्लासमध्ये सर म्हणणार तिसरा चॅप्टर काढा, म्हणजे प्रतलातली गती, आणि जुनं पुस्तक असेल तर तुमच्यासमोर सरळ रेषेतली. आणि हे पैसे वाचवायचेच असतील तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे की.

खरा प्रश्न रेफरन्स पुस्तकांचा. इथे आधी एक गोष्ट बघायची, एडिशन आणि रिप्रिंट यातला फरक. टायटलच्या मागच्या पानावर दोन्ही लिहिलेलं असतं. दुकानदार "या वर्षीचं आहे" म्हणतो ते खरंच असतं, पण ते बऱ्याचदा नुसतं पुनर्मुद्रण असतं, आत एक ओळ बदललेली नसते, मग त्याच एडिशनचं चार वर्षांपूर्वीचं छापील पुस्तक स्वस्तात मिळत असेल तर कागदाच्या वासाचे पैसे कशाला द्यायचे.

एडिशन खरंच वेगळी असेल तर थिअरीत सहसा फार फरक नसतो, फरक असतो प्रॉब्लेमच्या नंबरात. मी एफवायला रेस्निक हॅलिडेची जुनी एडिशन घेतली, फार शहाणपणा केला असं वाटत होतं, आणि पहिल्याच असाइनमेंटला सरांनी दिलेल्या दहापैकी सात गणितं भलतीच सोडवून गेलो, कारण नंबर तेच पण गणितं वेगळी, आणि मला वाटलं सर यावेळी फारच सोपी देतायत! तेव्हापासून मी सिनिअरकडून आधी असाइनमेंटचा कागद मागवतो आणि दुकानातच उभं राहून तीन-चार गणितं जुळतात का बघतो. जुळत नसतील तरी घ्यायला हरकत नाही, फक्त नवीन एडिशनवाला एक मित्र पाहिजे जो दर आठवड्याला फोटो पाठवेल, आणि तो मित्र कंटाळणार नाही याची खात्री पाहिजे.

काही पुस्तकांत मात्र एडिशनने सगळंच बदलतं. पर्सेलचं विद्युत-चुंबकत्वाचं पुस्तक घ्या, दुसऱ्या एडिशनपर्यंत ते सीजीएस युनिटमध्ये होतं, २०१३ च्या तिसरीत एसआय आलं. जुन्यात कूलंबच्या नियमात एक भागिले चार पाय एप्सिलॉन नॉट दिसतच नाही. पुस्तक अप्रतिम आहे पण परीक्षेच्या आदल्या रात्री युनिटं बदलत बसाल.

अजून एक पटकन करायची टेस्ट, युनिट्सचा चॅप्टर उघडा. किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा आणि अँपिअर म्हणजे दोन समांतर तारांमधलं बल असं लिहिलं असेल तर पुस्तक २० मे २०१९ च्या आधीच्या व्याख्यांचं आहे. आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो आणि अँपिअर इलेक्ट्रॉनच्या चार्जवरून. गणितांच्या उत्तरात याने काडीचा फरक पडत नाही, म्यू नॉट या चुंबकत्वातल्या स्थिरांकाची किंमत बदलली ती दहाव्या अंकाच्या आसपास, पण व्याख्या लिहा असा प्रश्न आला तर मार्क जातील, तेवढं एक पान वहीत उतरवून घ्या. गुरुत्वीय लहरी अजून थेट सापडलेल्या नाहीत असं लिहिलेलं दिसलं तर समजा पुस्तक फेब्रुवारी २०१६ च्या आधी लिहिलेलं आहे.

सेकंडहँड घेताना शेवटची पानं नक्की बघा, उत्तरांची पानं फाटलेली असतात, आणि पेन्सिलने उत्तरं लिहिलेली असतील तर ती चुकीची असायची शक्यता धरा. काही महागड्या नवीन एडिशनसोबत ऑनलाइन कोड असतो, वापरलेल्या पुस्तकातला तो बहुतेक आधीच संपलेला असतो, त्यामुळे त्याच्या नावाखाली कुणी जास्त पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

मावसभावाला काय सांगितलं? घे म्हटलं. ग्रिफिथ्सच्या २०१८ च्या तिसरीत सिमेट्रीवर एक नवीन चॅप्टर आलाय, तो कॉलेजच्या लायब्ररीत बसून वाच, बाकीचं वर्ष दुसरीवर निघेल, आणि उरलेल्या पैशात एक प्लॅस्टिकची पिशवी घे, बाहेर पाऊस आहे.